काळं बॉनेट आरशासारखं कसं करावं? (की आहे ते पण घालवून बसेन?)

काळोखी_गाडी (धागाकर्ता) – शुक्र., रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

गाडी नऊ वर्षांची, रंग साधा काळा, मेटॅलिक वगैरे नाही. बॉनेटवरच्या क्लिअरचे (रंगावरच्या पारदर्शक थराचे) उन्हाने पापुद्रे सुटायला लागले होते. एका मित्राकडे कॉम्प्रेसर आणि गन आहे. त्याच्या भरवशावर आणि व्हिडिओ बघून आलेल्या फाजील आत्मविश्वासावर बॉनेट स्वतःच रंगवलं. घासलं, प्राइमर मारला, मग काळा बेस, मग दोनास एक या प्रमाणात हार्डनर घातलेल्या क्लिअरचे तीन हात.

पहिल्या दिवशी ते असं दिसत होतं की रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन बघून आलो. आठवड्याभरात तेच बॉनेट फुंकर मारलेल्या काचेसारखं धुरकट झालं. तिरकं पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे. बाकीच्या गाडीचं दुखणं वेगळंच आहे. दुरून चकचकीत, पण उन्हात सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे.

वॅक्स लावू, बफिंग करू, वॉटरपेपरने घासू की परत रंगवू? चार जणांना विचारलं, चौघांनी चार उपाय सांगितले आणि चौघेही ठाम होते.

आळशी_उंट – शुक्र., रात्री १०:२०

गाडी धुळीने माखलेली ठेवा. सगळ्या भागांची चकाकी एकसारखी दिसते. आमची पाच वर्षं अशीच आहे.

रंगारी_काका – शुक्र., रात्री ११:०५

उंटराव, तुमचं चालू द्या.

धागाकर्ते, आधी दोन गोष्टी सांगा. क्लिअरच्या दोन हातांमध्ये किती वेळ थांबलात? आणि प्राइमर शेवटी कितीच्या पेपरने घासला?

काळोखी_गाडी – शुक्र., रात्री ११:१४

थांबलो दोन-तीन मिनिटं. संध्याकाळ झाली होती, दिव्यावरचे किडे ओल्या रंगावर बसतील म्हणून घाई केली. (तरी दोन बसलेच. एक अजून आहे.)

प्राइमर ३२० ने.

रंगारी_काका – शुक्र., रात्री ११:४०

मग निदान झालं. मी याच धंद्यात केस पांढरे केले आहेत, त्यातले काही खरंच प्राइमरने.

एक, क्लिअरचा हात दिला की त्यातला थिनर उडायला वेळ द्यायचा. डब्यावर लिहिलेलं असतं, बहुतेक ५ ते १० मिनिटं. कडेच्या मास्किंग टेपवर पडलेल्या क्लिअरला बोट लावून बघायचं. चिकटलं पण तार आली नाही, की पुढचा हात. तुम्ही ओल्यावर ओलं चढवलंत. वरची साय आधी सुकली आणि थिनर खाली कोंडला. तो पुढचे आठ दिवस हळूहळू बाहेर पडत होता आणि तुमची चकाकी बरोबर घेऊन जात होता.

दोन, ३२० चे चरे काळ्याखाली लपत नाहीत. ६०० ते ८०० पर्यंत आणायला हवं होतं (आकडा जितका मोठा तितका कागद बारीक). क्लिअर आकसलं की खालचे चरे वर उमटतात. संत्र्याची साल येते ती वेगळ्या कारणाने. गन लांब धरली असेल, हवा कमी असेल, किंवा थिनर लवकर उडणारा असेल. थेंब पडतो, पण पसरून शेजारच्या थेंबात मिसळायच्या आत बसतो. गन वीतभर अंतरावर, पत्र्याला काटकोनात, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा तरी चढला पाहिजे. मनगट वळवून झाडू मारल्यासारखी गन फिरवली तर मध्ये ओघळ आणि टोकांना कोरडं.

परत रंगवायची गरज नाही. तीन हात आहेत, म्हणजे माल भरपूर आहे. पण लगेच हात लावू नका. अजून तीन-चार आठवडे गाडी उन्हात उभी करा, आतला थिनर पूर्ण निघू दे. आज घासून आरसा केलात तर महिन्याने पुन्हा बसेल.

रसायनी – शनि., सकाळी ७:५५

काकांच्या बोलण्याला पुरवणी. जुना लॅकर नुसता थिनर उडून सुकायचा. वर्षभराने थिनरचं फडकं फिरवलं तरी विरघळायचा. हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये सुकणं वेगळं आणि पिकणं वेगळं. थिनर उडतो ते सुकणं. रेझिन आणि हार्डनरमधला आयसोसायनेट एकमेकांत गुंतून जाळं विणतात ते पिकणं. एकदा विणलं की थिनरला दाद देत नाही. बूथमध्ये (रंगकामाच्या बंद खोलीत) पत्रा ६० अंशांवर अर्धा तास भाजतात तो हे विणकाम लवकर व्हावं म्हणून. उघड्यावर तेच काम दिवसांवर जातं. थिनर अडकलेला असेल तर आठवड्यांवर.

फडकेवाला – शनि., सकाळी ९:३०

(आडनाव नाही, छंद आहे. घरात गाडीची ४७ फडकी आहेत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे.)

मूळ गैरसमज असा की चकाकी हा गाडीला *लावायचा* पदार्थ आहे. नाही हो. चकाकी म्हणजे सपाटी. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परततो आणि प्रतिबिंब दिसतं. खडबडीत असेल तर विखुरतो आणि धुरकट दिसतं. वॅक्स त्या खाचांमध्ये बसतं, चार धुण्यांपुरतं बरं दिसतं, मग जैसे थे. पुष्कळशा बाजारी पॉलिशांमध्येही तेल आणि भराव असतो. पॉलिश झाल्यावर पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. चरे परत दिसले तर ते गेलेच नव्हते, नुसते झाकले होते.

म्हणजे खरी चकाकी आणायची तर क्लिअर *काढावंच* लागतं. सगळ्यात खोल खाचेच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं खाली आणायचं. आणि काढायला आहे किती? कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर ४०-५०. माणसाचा केस ७० च्या आसपास असतो. म्हणजे केसाएवढंही नाही.

तेव्हा तुमच्या दोन दुखण्यांना दोन औषधं. बॉनेटवर ताजं जाड क्लिअर आहे, तिथे वॉटरपेपर चालेल. बाकीच्या गाडीवर कारखान्याचं नऊ वर्षांचं क्लिअर आहे, तिथे फक्त पॉलिश.

शंकासुर – शनि., सकाळी १०:०२

सिरॅमिक कोटिंग करून टाका ना, विषय संपला. ९एच कडकपणा असतो, हिऱ्याच्या जवळपास. चरे पडतच नाहीत.

रसायनी – शनि., सकाळी १०:१७

तो ९एच पेन्सिलीचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या शिसपेन्सिली ठरावीक दाबाने थरावर ओढायच्या, कोणती ओरखडते ते बघायचं, अशी ती चाचणी. खनिजांच्या मोजपट्टीवर हिरा १० वर असतो तो हिशोबच वेगळा. शाळेतल्या कंपासपेटीतून हिऱ्याच्या खाणीत उडी मारू नका.

कोटिंग वाईट नाही. मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा सिलिकाचा थर असतो, पाणी आणि मळ घसरतो, धुणं सोपं होतं. पण तो खालच्या पृष्ठभागाचा आकार बदलत नाही.

फडकेवाला – शनि., सकाळी १०:२५

+१. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? धुरकट बॉनेटवर कोटिंग म्हणजे तो धुरकटपणा दोन-तीन वर्षांसाठी जपून ठेवणं. शिवाय ताज्या रंगाला महिना-दोन महिने वॅक्स किंवा कोटिंग लावायचं नसतं, त्याला श्वास घेऊ द्यायचा.

मीनाक्षी_ग – शनि., दुपारी १:१०

आमच्याकडे सासरे दर रविवारी डिझेलच्या बोळ्याने गाडी पुसतात. खरंच चमकते हो! हे वाईट का?

फडकेवाला – शनि., दुपारी १:३१

ताई, तेल लावलेले केसही चमकतात. तेलाचा पातळ पडदा खाचा भरतो म्हणून चमकते. संध्याकाळपर्यंत त्याच पडद्यावर धूळ चिकटते. पुढच्या रविवारी बोळा ती धूळ घासून नवे चरे पाडतो. त्या चऱ्यांमुळे गाडी आणखी मलूल दिसते, म्हणून आणखी डिझेल.

मीनाक्षी_ग – शनि., दुपारी १:४०

हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही येता का?

भिंगवाला – शनि., दुपारी ३:२२

चऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. ते 'गोल गोल' चरे प्रत्यक्षात गोल नसतात.

गाडीवर हजारो बारीक चरे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. दिव्याचा प्रकाश ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढेच चमकतात, त्याच्या रेषेतले दिसतच नाहीत. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती असे आडवे पडलेले तुकडे जोडून बघितले की वर्तुळं भासतात. पटत नसेल तर टॉर्च घ्या आणि हळूहळू सरकवा. वर्तुळं टॉर्चबरोबर चालायला लागतील. चरे काही चालत नाहीत.

शंकासुर – शनि., दुपारी ३:३०

मग 'गाडी गोल गोल पुसू नका, सरळ रेषेत पुसा' हे सगळे सांगतात ते काय उगाच?

भिंगवाला – शनि., दुपारी ३:४८

अगदी उगाच नाही. सरळ रेषेतले चरे एकाच कोनातून दिसतात, सर्व दिशांचे कुठूनही दिसतात. पण फडक्यात वाळूचा कण असेल तर तो कोणत्या दिशेला ओढलात यापेक्षा तो तिथे का होता हे महत्त्वाचं.

शंकासुर – शनि., दुपारी ४:०५

आणखी एक. माझी पांढरी आहे. कितीही घासा, काळ्या गाडीसारखी चकाकत नाही. पांढऱ्याचा रंगच हलका असतो का?

भिंगवाला – शनि., दुपारी ४:३३

क्लिअर दोन्हीकडे सारखंच. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के क्लिअरच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो. बाकीचा आत शिरतो. काळ्यात तो गिळला जातो, म्हणून ती ४ टक्क्यांची प्रतिमा काळ्या पडद्यावर उठून दिसते. पांढऱ्यात आत गेलेला बहुतेक प्रकाश विखुरून परत येतो आणि त्या झोतात बिचारी प्रतिमा बुडते. पांढऱ्यावर चरे कमी दिसतात तेही याच कारणाने. काळ्या गाडीवाल्यांना सुख आणि दुःख एकाच हाताने वाढलेलं असतं.

आणि एक. 'चमक' आणि 'प्रतिबिंबाची स्पष्टता' या दोन निराळ्या गोष्टी. चमक मोजायच्या यंत्रात पॉलिश केलेली काळी काच १०० धरतात. संत्र्याची साल असलेलं पॅनेलही त्यावर ९० च्या वर जाऊ शकतं, कारण प्रत्येक उंचवटा स्वतःपुरता गुळगुळीत असतो. पण त्यात ट्यूबलाइट बघितली तर तिच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. धागाकर्त्यांच्या बॉनेटला दोन्ही रोग आहेत.

जुनाट – शनि., सायं. ६:१९

अवांतर : आमच्या लहानपणी सुतार म्हणायचा, "कपाटाला ड्युको मारू." मला वाटायचं ड्युको म्हणजे गुळगुळीत. बऱ्याच वर्षांनी कळलं की ते ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. १९२३ च्या सुमारास तो गाड्यांसाठी आला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या त्यात निळ्या रंगवल्या गेल्या. त्याआधी तेलाच्या रंगाने आणि व्हार्निशने गाडी रंगवून सुकवायला आठवडे लागत. १९१४ ते १९२५ फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची हे प्रसिद्धच आहे. या लॅकरने काम तासांवर आणलं आणि रंगही भरपूर दिले.

मात्र तो गनमधून निघताना मंद दिसायचा. चकाकी हाताने घासून काढावी लागे. आपल्या गॅरेजांमधला 'रबिंग' हा शब्द त्या काळाचा वारसा असावा असं मला वाटतं. आज कित्येक जण रबिंग म्हणजे वॅक्स लावणं समजतात.

रंगारी_काका – शनि., सायं. ७:००

जुनाट, जुने दिवस आठवले. आमचे उस्ताद बॉनेटमध्ये वर्तमानपत्र धरायचे. मथळा उलटा का होईना, वाचता आला पाहिजे. खालची बारीक बातमी वाचता आली की त्या दिवशी शिव्या कमी.

सूक्ष्मजीव – शनि., रात्री ९:१५

सगळे चकाकीत रमलेत म्हणून मध्येच कडू बोलतो. धागाकर्ते, फवारताना तोंडावर काय बांधलं होतं?

काळोखी_गाडी – शनि., रात्री ९:२८

रुमाल. ☹

सूक्ष्मजीव – शनि., रात्री ९:५०

वाटलंच. माझं काम कामगारांच्या आरोग्याचं आहे, म्हणून चिडून लिहितोय, राग मानू नका.

हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा होतो. शरीर एकदा त्याला चिडायला शिकलं की पुढे नखभर वाफेनेही धाप लागते आणि ती चीड बहुधा जन्मभर राहते. नाकाला वास येईपर्यंत मर्यादा ओलांडून गेलेली असते, त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे ठीक' हा हिशोब इथे चालत नाही. रुमाल किंवा धुळीचा मास्क म्हणजे काहीच नाही. फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. हातमोजे आणि डोळ्यांवर आवरणही हवं, कारण ते कातडीतूनही त्रास देतं. एक उत्तम रंगारी माझ्या ओळखीचा आहे. त्याला आता फवारणी चालू असलेल्या शेडच्या दारातही उभं राहता येत नाही. पुढच्या वेळी एवढी सोय नसेल तर क्लिअरचं काम बूथ असलेल्याकडे द्या. घासणं-पॉलिश घरी करा, त्यात हा धोका नाही.

रंगारी_काका – शनि., रात्री १०:१०

याला माझे शंभर होकार. आम्ही मूर्ख होतो. बरोबरचे दोघे आज खोकत बसलेत.

काळोखी_गाडी – रवि., सकाळी ८:४०

धन्यवाद सूक्ष्मजीव. डोळे उघडले. मित्रालाही धागा पाठवला.

महिनाभर थांबेन म्हणतो. तोपर्यंत घासायची पद्धत नीट सांगा. आणि मशीन कोणतं घेऊ, नुसतं गरगर फिरणारं (रोटरी) की डीए (ड्युअल अ‍ॅक्शन)?

फडकेवाला – रवि., सकाळी ९:०५

डीए! डीए! नवशिक्याने रोटरीला हात लावू नये. डीएचा पॅड फिरताफिरता डोलतो, एका जागी उष्णता साठत नाही. कडेवर दाब पडला तर फिरणं थांबतं, रंग जळत नाही.

रंगारी_काका – रवि., सकाळी ९:३०

मशीन बदलून अक्कल येत नाही. रोटरीवर लोकरीचा पॅड लावून मी जे अर्ध्या तासात करतो त्याला तुमचा डीए दुपार लावतो.

फडकेवाला – रवि., सकाळी ९:३४

आणि त्या अर्ध्या तासानंतर उन्हात जी होलोग्रामची नक्षी (पॅडच्या बारीक चऱ्यांचे लाटांसारखे पट्टे) दिसते ती काढायला मला दुपार लागते, काका. हलके घ्या.

रंगारी_काका – रवि., सकाळी ९:५२

नक्षी शिकाऊ माणसाच्या हातून येते. पण ठीक आहे, धागाकर्ता शिकाऊच आहे. डीए घ्या.

आता घासण्याचं. कागद १५००, २००० आणि ३०००, सगळे पाण्यात वापरायचे. आधी भिजत ठेवा, पाण्यात साबणाचा एखादा थेंब. कागद रबरी ठोकळ्याला गुंडाळा. बोटांनी घासलं तर बोटांच्या आकाराच्या पन्हळी पडतात आणि त्या पॉलिश झाल्यावरच दिसतात. बॉनेटच्या कडा आणि मधली घडी यांवर टेप लावा. उंच धारेवर क्लिअर नेहमीच पातळ बसतं, तिथेच सगळ्यांचा घात होतो.

१५०० फक्त उंचवटे मोडायला. थोडं घासा, पाणी निपटून काढा आणि बघा. घासलेलं मंद दिसेल, खळगे चमकत राहतील. जिथे चमकणारे ठिपके आहेत तिथे कागद अजून पोचलेला नाही. सगळं एकसारखं मंद झालं की थांबायचं. चार-दोन ठिपके राहिले तर राहू द्या, त्यांच्यामागे लागू नका. मग २००० ने आडवं, ३००० ने उभं. दिशा बदलली की आधीचे चरे गेले की नाही ते कळतं.

आणि निपटलेल्या पाण्याचा रंग बघत राहा. क्लिअरचं पाणी दुधासारखं पांढरं असतं. काळपट झालं की क्लिअर संपून बेस लागला. तिथून पुढे पॉलिशने काही होत नाही, पॅनेलला परत क्लिअर.

फडकेवाला – रवि., सकाळी १०:२०

काकांशी इथे पूर्ण सहमत (नोंद घ्यावी). त्यानंतर डीएवर मायक्रोफायबरचा किंवा कडक फोमचा पॅड आणि कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश), मग मऊ फोम आणि बारीक पॉलिश. एका वेळी हातभर लांब-रुंद चौकोन, सावकाश उभे-आडवे चार-पाच फेरे. पॅडच्या मागच्या तबकडीवर पेनने रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे, नुसती थरथरली तर दाब जास्त आहे. प्रत्येक चौकोनानंतर पॅड झटका, नाहीतर निघालेला रंगच पुन्हा घासत बसाल.

बाकीच्या गाडीसाठी उलटा क्रम. सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ पॅड, एकाच कोपऱ्यात करून बघायचं. भागलं तर तेवढंच. आधी धुवा, मग लोहकण काढायचा द्रव मारा. ब्रेकमधून उडालेले कण रंगात रुतलेले असतात, तिथे तो जांभळा होतो. मग क्ले (रुतलेला मळ ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा) फिरवा. हे न करता पॅड फिरवलात तर ते कण पॅडला चिकटून कामाची वाट लावतील. नखाला लागणारा ओरखडा पॉलिशने जाणार नाही, सोडून द्या.

आणि कोरड्या गाडीवर कोरडं फडकं रोज सकाळी मारायचं बंद. तुमची कोळ्याची जाळी तिथूनच आली आहेत, पैज लावतो.

काळोखी_गाडी – रवि., सकाळी १०:२६

पैज जिंकलात. नऊ वर्षं, रोज सकाळी, प्रेमाने.

वाचतोय_फक्त – रवि., दुपारी २:००

वाचनखूण साठवली. महिन्यानंतर कोणीतरी धागा वर काढा.

काळोखी_गाडी – (पाच आठवड्यांनी) रवि., सायं. ७:४५

धागा वर काढतोय. काम झालं.

३५ दिवस थांबलो. दोन पूर्ण रविवार गेले, एक घासण्यात आणि एक पॉलिशमध्ये. १५०० चा कागद काल-परवापर्यंत रात्री जीव लावलेल्या बॉनेटवर टेकवताना हात खरंच थरथरला. तासाभरात ते फळ्यासारखं राखाडी झालं आणि घरातून प्रश्न आला, "हे *मुद्दाम* केलंस?" उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हतो.

किडा गेला. त्याच्या पायाचा ठसा आहे.

मग पॉलिश. पहिल्या चौकोनाचे फेरे संपवून फडक्याने पुसलं आणि तिथे मला छताच्या पत्र्याचे स्क्रू दिसले. मोजता आले. काका, वर्तमानपत्रही धरलं. मथळा वाचला, खालची बातमी अर्धी वाचली.

आता कबुली. पॉलिश करताना टेप काढली आणि डाव्या घडीवर 'जरासं राहिलंय' म्हणून ३००० चा कागद परत फिरवला, ठोकळ्याशिवाय. पाणी काळपट झालं. लगेच थांबलो, पण नखाएवढा डाग मंद राहिला आहे. उन्हात दिसतो. मला तर अंधारातही दिसतो.

रंगारी_काका – रवि., रात्री ८:२०

शाब्बास! पहिल्याच बॉनेटला एवढंच? माझ्या पहिल्या कामात दोन्ही घड्या गेल्या होत्या आणि गाडी उस्तादांच्या मेहुण्याची होती.

तो डाग आहे तसा सोडा. तेवढ्यावरच क्लिअर मारायला जाल तर जोडाची कड आयुष्यभर दिसेल. पुढे कधी बॉनेट रंगवायचं झालं तर पूर्ण मारा. बूथमध्ये!

काळोखी_गाडी – रवि., रात्री ८:४१

सोडतो. पण नवीच पंचाईत झाली आहे. फेंडर आणि दारांचे चरे सौम्य पॉलिशने बरेच गेले, चकचकीत झालेत. पण बॉनेट आता इतकं सपाट आहे की शेजारचे फेंडर संत्र्याच्या सालीचे वाटतात. कारखान्याची ही साल मला नऊ वर्षांत कधी दिसली नव्हती! मुलीने विचारलं, "बाबा, बॉनेट दुसऱ्या गाडीचं लावलंय का?"

रंगाची जाडी मोजायचा गेज उसना आणला. बॉनेट १९० मायक्रॉन. फेंडर १०८, छत ९७. फेंडरपण १५०० ने घासू का?

फडकेवाला – रवि., रात्री ८:४३

नाही.

रसायनी – रवि., रात्री ८:४४

नाही! गेज पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतो, त्यातलं क्लिअर किती ते सांगत नाही. आणि ऊन अडवणारी द्रव्यं त्या क्लिअरमध्येच असतात. ते पातळ केलंत की दोन-चार उन्हाळ्यांत फेंडरचेही पापुद्रे निघतील, जिथून हा धागा सुरू झाला तिथेच याल.

रंगारी_काका – रवि., रात्री ८:५०

कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना थोडी साल असतेच. उभ्या पॅनेलवर क्लिअर ओघळू द्यायचं नाही म्हटलं की तेवढं राहणारच. फेंडरला कागद लावलास तर माझ्याशी बोलू नकोस.

भिंगवाला – रवि., रात्री ८:५८

मुलीची नजर चांगली आहे, एवढंच नोंदवतो.

काळोखी_गाडी – रवि., रात्री ९:०३

मग ही तफावत घालवायला काहीच उपाय नाही?

आळशी_उंट – रवि., रात्री ९:०५

या धाग्यावरचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचावा.